पाठकोऱ्या कागदावरची यादी

"कोटांचं माझ्यावर सोडा."

एवढंच म्हणालो होतो मी. तीन शब्द. दोन हजार एक सालचा जानेवारी नुकताच लागला होता आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये आम्ही सात जण चहा पीत बसलो होतो. त्या तीन शब्दांनी पुढे एका परक्या देशाच्या विमानतळाचं कामकाज दीड तास बंद पाडलं, पण चहा पिताना माणसाला हे कळत नाही.

आमची कंपनी तेव्हा नुकतीच हिंजवडीला गेली होती. आताची हिंजवडी डोळ्यांपुढे आणू नका. तेव्हा ऑफिसच्या खिडकीतून ऊस दिसायचा आणि वाकडच्या पुढे कंपनीची बस म्हशींना वाट देत देत जायची. (आता त्याच रस्त्यावर म्हशी बसच्या आधी पोचतील.) जर्मनीतल्या फ्रँकफर्टजवळच्या एका विमा कंपनीनं आपलं जुनं सॉफ्टवेअर आम्हाला दुरुस्तीला दिलं होतं. त्यासाठी सात जणांनी सहा महिने तिकडे जायचं होतं. सातातल्या एकानंही तोवर विमान आतून पाहिलेलं नव्हतं. तिकडून मेल आला होता की बाकी सगळं ठीक, पण येताना जाड कपडे आणा, पारा उणे पंधरापर्यंत जातो.

पुण्यात पारा दहावर आला तर पेपरात शेकोटीचे फोटो येतात. उणे पंधरा हा आकडा आम्हाला कळेचना.

"फ्रीजरमध्ये जाऊन बसायचं, एवढं सोपं आहे," आमचा टीम लीड शुभंकर म्हणाला. शुभंकर सदाशिव पेठेतला. तो अभिनंदन करायचा तेव्हाही समोरच्याला आपलं काय चुकलं ते शोधावंसं वाटायचं. "फक्त दार आतून उघडत नाही."

"मला तर नागपूरची थंडी पण सोसत नाही," असं कल्याणी म्हणाली. ती माझ्यापासून तीन टेबलं पलीकडे बसायची आणि गेले आठ महिने मी तिच्याशी बोलायला एखादा विषय शोधत होतो. विषय मिळाला. मी छाती पुढे काढून ते तीन शब्द बोललो. (कल्याणी पुढे माझी बायको झाली. त्यामुळे ही गोष्ट मला माझ्या पद्धतीनं कधीच सांगता आलेली नाही. आज ती बहिणीकडे गेली आहे.)

मी छाती पुढे काढली ती आबांच्या जिवावर. आबा म्हणजे माझे वडील, पोपट ओव्हाळ. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर. आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहायचो. खडकी बाजारात मिलिटरीचे जुने कोट मिळतात हे मला माहीत होतं, आणि आबांना तर दुकानदार नावानं ओळखायचे.

आबांनी बत्तीस वर्षं एकच काम केलं होतं. कागद बघायचा आणि वस्तू द्यायची. कागद नाही, वस्तू नाही. टाचणी असली तरी ती गेटपासाशिवाय गेटबाहेर जात नाही, हा त्यांचा धर्मच म्हणा. मी शाळेच्या सहलीला निघालो की डब्यात "चपात्या चार, बटाटेवडे दोन" अशी चिठ्ठी असायची आणि परत आल्यावर ती दाखवावी लागायची. आई म्हणायची, "तुझ्या बापानं मला पण माहेराहून सही करून आणलंय." ते खोटं नव्हतं. आमच्याकडे लग्नात दोघांच्या सह्या होतातच, पण आबांनी म्हणे खाली तारखेसकट वेळही घातली होती.

तर आबांनी कोट आणले. सात कोट, एकाच गठ्ठ्यातले, एकाच रंगाचे, शेवाळी हिरवे, पितळी बटणांचे. आणि एकाच मापाचे. माप सहा फुटी जवानाचं. कल्याणी जेमतेम पाच फूट.

"आबा, वेगवेगळ्या मापाचे नाही मिळाले?"

"एक लॉट फोडत नाहीत," आबा म्हणाले. वर अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांनी प्रत्येक कोटाच्या छातीवर पांढऱ्या कापडाचा चौकोन शिवून घेतला आणि त्यावर काळ्या शाईनं एक ते सात आकडे घातले. उंचीप्रमाणे. शुभंकर एक नंबर, कल्याणी सात.

आईनं शेंगदाणा-गुळाचे लाडू करायला घेतले. सहा महिन्यांचा मामला. शेजारच्या सरुबाई आणि द्वारकाकाकूही आल्या आणि दोन दिवस आमच्या स्वयंपाकघरात नुसता धडाका चालला होता. दीडशे लाडू झाले. आईचे लाडू पहिल्या दिवशी लाडू असतात, तिसऱ्या दिवसापासून ते फोडून खावे लागतात.

मग आबा टाइपरायटर घेऊन बसले. सातही जणांच्या सामानाची एक यादी, इंग्रजीत, अनुक्रमांक घालून. कोट सात नग, लाडू दीडशे नग, मेतकूट, पापड, कानटोप्या, सगळं. खाली सही. कागद अर्थातच पाठकोरा. आबांच्या मते कोरा करकरीत कागद सरकारकडे अर्ज करताना वापरायचा, बाकी सगळ्याला पाठकोरा. आमच्या घरी पलंगाखाली अशा कागदांचा गठ्ठा होता आणि वाण्याची यादी, माझी गणितं, आईची पत्रं असं सगळं त्यावरच व्हायचं. मागे काय आहे हे आमच्या घरात कोणी बघत नसे.

निघायच्या दिवशी दोन जीपा भरून माणसं मुंबईला विमानतळावर आली. आमच्या क्वार्टर्समधून विमानात बसणारा मी पहिलाच. विहारात सकाळी वंदना झाली होती, हार झाले होते, माझा फोटो निघाला होता. बापूराव शेजारी सगळ्यांसमोर म्हणाले, "पोपटराव, पोरगं आता साहेब होऊनच येणार." आबांनी माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं, यादी माझ्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "गेटवर कागद आधी दाखवायचा, मग पाऊल टाकायचं." मला तेव्हा पहिल्यांदाच समजलं की मी एकटा जात नाहीये. काहीही झालं तरी इथून गेलेलं पार्सल परत येता कामा नये.

विमानातल्या रात्रीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वरचे कप्पे भरलेले होते म्हणून आम्ही सातही जण कोट घालूनच बसलो आणि रात्रभर घामानं निथळलो. पहाटेच्या सुमाराला कल्याणी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. (ती म्हणते, खांद्यावर नाही, कोटाच्या गादीवर.) मी तीन तास हललो नाही. उतरताना मान एका बाजूला आखडली होती आणि ती पुढचे चार दिवस तशीच राहिली.

उतरलो तेव्हा तिथे सकाळ होती. काचेपलीकडे सगळं पांढरं. पासपोर्टवाल्यानं आमच्या छातीवरचे आकडे एक ते सात मोजले, पासपोर्ट दोनदा पाहिले आणि सोडलं. बॅगा आल्या. पुढे बाहेर पडायला दोन वाटा होत्या. ज्याला काही दाखवायचं नाही त्यानं हिरव्या वाटेनं जायचं आणि ज्याला दाखवायचं आहे त्यानं लाल वाटेनं.

"हिरव्यातून सरळ चला," शुभंकर म्हणाला. "इकडेतिकडे बघू नका. आणि भूषण, तू बोलू नकोस."

मी बोलणार नव्हतोच. पण लाल वाटेशी एक टेबल होतं आणि टेबलामागे युनिफॉर्म घातलेला एक माणूस उभा होता. गेट, गेटवर माणूस, माझ्याकडे सामान आणि खिशात कागद. हे असताना न दाखवता पुढे जायचं? माझे पाय आपोआप तिकडे वळले. आठ तासांच्या झोपमोडीनंतर माणसाचं डोकं चालत नाही, वळण चालतं.

मी यादी त्याच्यापुढे धरली. टाइप केलेली बाजू माझ्याकडे होती, म्हणजे तो विचारेल ते मला वाचून सांगता यावं. पाठीमागची बाजू त्याच्याकडे गेली.

त्यानं वाचलं. मग माझ्या कोटाकडे पाहिलं. मग हिरव्या वाटेत थबकलेल्या बाकीच्या सहा कोटांकडे. आमचं बोलणं इंग्रजीत झालं. दोघांचंही सारखंच मोडकं होतं, त्यामुळे भाषेची अडचण आली नाही.

"हे तुमचं?"

"हो सर. आमच्या सातही जणांचं मिळून."

"सगळं बरोबर आणलंय?"

"सगळं. कागदावर आहे त्यातला एकही नग कमी नाही."

"कुणी दिलं?"

"वडिलांनी. ते दारूगोळ्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहेत." (हे सांगायची गरज नव्हती.)

तो जरा मागे सरकला. मग त्यानं आवाज खाली आणला आणि मूठ वळून दाखवली. "आणि हे? गोल? हे खरोखर आणलेत?"

लाडवांबद्दल त्याला एवढी आस्था बघून मला बरं वाटलं. "हो सर. दीडशे. आईनं घरी केलेत. शेजारच्या बायका पण मदतीला होत्या."

"घरी?"

"दोन दिवस लागले."

"आत्ता कुठे आहेत?"

"बरेचसे बॅगांत. आणि दोन दोन प्रत्येकाच्या कोटाच्या खिशात. वाटेत गरज पडली तर." मी मदत म्हणून खिशात हात घातला.

"हात बाहेर!" तो ओरडला. मी हात बाहेर काढला, रिकामा. त्यानं माझ्यावरची नजर न हलवता टेबलाखालचं बटण दाबलं. "आणि आठवा कुठे आहे?"

"कोण आठवा?"

"इथे आठ जण लिहिलेत. तुम्ही सात आहात. आठ नंबर कुठे आहे?"

यादीत आठ जण कुठून आले हे मला कळेना. मी कागद उलटा करून बघायला गेलो, तर त्यानं तो हिसकावून घेतला. तेवढ्यात चौघे धावत आले, त्यांच्या मागून आणखी चौघे, आणि आमची वरात एका पांढऱ्या खोलीत गेली.

"मी तुला बोलू नकोस म्हणालो होतो," शुभंकर हात वर करून उभा असताना म्हणाला. "बघ, आठवतंय का?"

आमच्यातलीच नम्रता रडत होती. उरलेले तिघे भिंतीकडे बघत होते. कल्याणी पायघोळ कोटात हात वर करून उभी होती, त्यामुळे तिच्या हातांच्या जागी नुसत्या दोन बाह्या लोंबत होत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत तिनं माझ्याकडे इतका वेळ कधीच पाहिलं नव्हतं.

बॅगा उघडल्या. लाडू निघाले. प्रत्येक लाडू वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला, आणि विमानाच्या पोटातल्या गारठ्यानं दगड झालेला. अधिकाऱ्यानं लांब चिमट्यानं एक उचलला.

"हे काय आहे?"

"खायचं, सर. गोड. स्वीट."

"खाऊन दाखवा."

मी लाडू तोंडात घातला आणि चावलो. दात सरकल्यासारखा वाटला, पण लाडू हलला नाही. मी दुसऱ्या बाजूनं चावलो. अधिकारी माझ्या तोंडाकडे बघत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि लाडवावर ओरखडासुद्धा उठला नाही.

"खात नाहीये तो," अधिकारी दुसऱ्याला म्हणाला.

"अरे, असा कुठे खातात का हा?" कल्याणीला राहवलं नाही. ती दोन पावलं पुढे आली, माझ्या हातातला लाडू घेतला, बाही मागे सारली आणि घरी करतो तसा तो लोखंडी टेबलावर धाडकन आपटला.

खोलीतले आठही अधिकारी खाली बसले. एक जण टेबलाखाली गेला.

लाडवाचे तीन तुकडे झाले होते. कल्याणीनं एक तोंडात टाकला आणि शांतपणे चावत म्हणाली, "गूळ जरा कमी पडलाय तुझ्या आईचा."

एवढ्यानं प्रकरण मिटायला हवं होतं. पण त्यांना लाडवांपेक्षा आठव्या माणसाची काळजी लागली होती. तो बाहेर कुठेतरी मोकळा होता. त्यांनी सगळं कामकाज थांबवून विमानतळभर शोध घेतला आणि पंधरा मिनिटांत त्याला पकडूनही आणलं. चाळीशीचा, चष्मा लावलेला, घाबरून पांढरा पडलेला माणूस. त्याच्या हातात पुठ्ठ्याची पाटी होती आणि पाटीवर आमच्या सातही जणांची नावं होती.

ते म्यूलर साहेब होते. विमा कंपनीचे, म्हणजे आमच्या क्लायंटचे. आम्हाला न्यायला आले होते.

"तुम्ही या लोकांना ओळखता?" अधिकाऱ्यानं विचारलं.

म्यूलर साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. सात मिलिटरी कोट, छातीवर नंबर, एकाची मान वाकडी, एक रडतेय, एक काहीतरी कडाकडा चावतेय.

"मी सॉफ्टवेअरच्या माणसांना न्यायला आलोय," ते म्हणाले. "यांना नाही."

"झालं," शुभंकर पुटपुटला. "परतीच्या विमानात खिडकीची जागा मिळते का विचारा."

तो थट्टा करत होता, पण अधिकाऱ्यानं खरंच तेच सांगितलं. या कागदाचा खुलासा झाला नाही तर आज संध्याकाळच्या विमानानं सातही जण परत.

मला त्या दोन जीपा दिसल्या, हार दिसले. उद्या संध्याकाळी मी खडकीला उतरणार, बापूराव विचारणार, "काय रे, एवढ्यात?" कामावर जाताना आबा मागच्या बाजूनं जातील, म्हणजे लोक भेटायला नकोत. मला तिथे रडू आलं हे मी कबूल करतो. पंचविशीतला इंजिनिअर, अंगात जवानाचा कोट, आणि मी शाळकरी पोरासारखा रडलो.

तेवढ्यात त्यांच्या मोठ्या साहेब आल्या. पिकलेले केस, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा. आमच्या खडकीच्या शाळेच्या हेडबाईच जणू वेषांतर करून आल्या होत्या. त्यांनी चष्मा चढवला आणि कागद दिव्याखाली धरला.

"हे लाल शाईनं काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. "आणि हे इथं, गोलात?"

कागदाची ती बाजू मी पहिल्यांदाच पाहिली, आणि माझं रडू जागच्या जागी थांबलं.

त्याचं असं आहे. आबा घरी क्वार्टर्समधल्या मुलांना स्टोअरकीपरच्या परीक्षेची तयारी करून घ्यायचे. स्वतः प्रश्न काढायचे, स्वतःच तपासायचे. "आठ जणांच्या तुकडीला सरावासाठी दारूगोळा द्यायचा आहे. व्हाउचर भरा." मग पोरं व्हाउचर भरायची, काडतुसं इतक्या पेट्या, हातबॉम्ब इतके नग. सगळं काल्पनिक, पण परीक्षेसारखं इंग्रजीत; आबांचे शेरे तेवढे मराठीत. आबांनी पलंगाखालच्या गठ्ठ्यातून उचललेला कागद म्हणजे असाच एक सोडवलेला पेपर होता. मी हे सगळं हेडबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण कागद खाली ठेवला नाही.

"मग हे लाल शाईतलं वाचा. आणि भाषांतर करा."

मी वाचलं. "इथे लिहिलंय की, हातबॉम्ब किलोवर देतात का."

"किलोवर?"

"ज्यानं पेपर सोडवला त्यानं चौदा नग लिहायच्या ऐवजी चौदा किलो लिहिलंय, मॅडम."

"आणि पुढे एक शब्द आहे."

"तो... प्रेमानं म्हणतात आमच्याकडे."

"डाँकी," कल्याणीनं माझ्या मागून वाकून बघत भाषांतर केलं.

"कोण?"

मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच योग्य वेळी गप्प बसलो, पण कल्याणीला मराठी वाचता येत होतं आणि इंग्रजी तर येतच होतं. तिनं बोट उचललं आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर ठेवलं. तिथे माझ्याच सुवाच्य अक्षरात उमेदवाराचं नाव होतं: बुद्धभूषण पोपट ओव्हाळ.

बारावीनंतरच्या सुट्टीतली गोष्ट. कॉम्प्युटरचं काही खरं नाही, उद्या बंद पडला तर हातात काहीतरी असावं, म्हणून आबांनी मलाही त्या पोरांबरोबर बसवलं होतं. मी पार विसरून गेलो होतो.

हेडबाईंनी माझा पासपोर्ट मागवला. एकेक अक्षर ताडून पाहिलं. मग गोलातला आकडा पाहिला.

"दहापैकी तीन," त्या म्हणाल्या.

"यस मॅडम."

त्यांनी चष्मा काढला आणि बाकीच्यांकडे वळून जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. आठही अधिकारी हसायला लागले. म्यूलर साहेबांनी नंतर गाडीत त्याचा अर्थ सांगितला. दारूगोळा पळवून आणणाऱ्या माणसाला निदान तो मोजता येत असतो, असं त्या म्हणाल्या होत्या.

मग त्यांनी कागद उलटा केला आणि आबांची यादी वरपासून वाचायला सुरुवात केली. कोट सात, बघितले. कानटोप्या सात, बघितल्या. मेतकूट हुंगून बघितलं. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीनं खूण केली. लाडवांशी आल्यावर त्यांनी फुटलेला एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला, दीडशेचे एकशे एकोणपन्नास केले, आणि खाली आबांच्या सहीशेजारी दणकन शिक्का मारला. "इतका व्यवस्थित कागद घेऊन इथे कोणी येत नाही," त्या म्हणाल्या. "वडिलांना सांगा."

बाहेर पडलो तेव्हा बर्फ पडत होता. म्यूलर साहेब गाडीपर्यंत जाताना कुडकुडत होते आणि आम्हाला आतून ऊब होती. तशी थंडी मी नंतर पुष्कळ पाहिली, महागामोलाची जॅकेटं घेतली, पण त्या कोटाची सर एकालाही आली नाही. कोट अजून माझ्याकडे आहे. अंगाला बसत नाही, पण कपाट उघडलं की क्वार्टर्सच्या खोलीचा वास येतो आणि आबा समोर उभे राहून बटण लावतायत असं वाटतं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. कागदावर विश्वास ठेवणारी ती माणसंच गेली. आता माझा मुलगा मोबाइल दाखवून विमानात चढतो, आणि मला उगाचच त्याच्या खिशात काहीतरी ठेवावंसं वाटतं.

ती यादी विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलमध्ये फ्रेम करून लावली आहे. शिक्क्याची बाजू पुढे. पण फ्रेमला दोन्ही बाजूंनी काच आहे. तो आग्रह कल्याणीचा. पाहुणे आले की ती फ्रेम उलटी करते.

त्या दिवशी दुपारी म्यूलर साहेबांच्या ऑफिसातून मी घरी फोन लावला. आमच्याकडे फोन नव्हता, तो बापूरावांकडे. खडकीत तेव्हा संध्याकाळ झाली असणार. बापूरावांनी "पोपटराव, जर्मनी!" अशी हाक मारली ती मला फ्रँकफर्टला फोनशिवायही ऐकू आली असती. आबा धावत आले. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"पोचलास?"

"पोचलो, आबा."

"गेटवर कागद दाखवला?"

मी सगळं सांगितलं. लाल वाट, आठवा माणूस, पांढरी खोली, म्यूलर साहेब. परत पाठवणार होते हेही सांगितलं.

"पण सोडलं ना?" शेवटी आबांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"सोडलं. शिक्का मारून सोडलं."

"शिक्का मारला?" पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "कसला? गोल का चौकोनी?"

"गोल."

"गोल म्हणजे मोठ्या साहेबाचा," आबा कुणाला तरी म्हणाले, बहुतेक आईला, बहुतेक सगळ्या क्वार्टर्सला.

माझं मन भरून आलं. मी म्हणालो, "आबा, मला इथे करमायचं नाही. वाटलं तर लवकर परत येईन."

"छे छे," आबा घाईघाईनं म्हणाले. "परत यायचं मनात आणू नकोस. तिथंच नीट काम कर. इथं तीन मार्कांवर तुला कोणी घेणार नाही."